‘अभ्यासाबाहेर काय केले?’ : अर्ज लिहिण्याचे शास्त्र

कोल्हापुरातील सी. पी. आर. रुग्णालय तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे त्याचे पूर्ण नाव. पूर्वी त्याला आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणत. या रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची प्रमुख डॉक्टर म्हणून कोल्हापूर संस्थानाने १८८६ साली एका एकवीस वर्षांच्या मराठी स्त्रीची नेमणूक केली होती. त्या म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. आजारपणामुळे त्या कामावर रुजू होऊ शकल्या नाहीत आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, हे तुम्ही वाचलेच असेल.

पण आज आपल्याला आनंदीबाईंचे चरित्र पाहायचे नाही. आपण पाहणार आहोत तो त्यांचा अर्ज. वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी लिहिलेले पत्र आजही अमेरिकेत जपून ठेवलेले आहे. अर्ज कसा लिहावा, विशेषतः ‘शाळेच्या अभ्यासाबाहेर तुम्ही काय केले?’ या प्रश्नाचे उत्तर कसे द्यावे, हे शिकायला त्या पत्राइतका चांगला धडा दुसरा क्वचितच सापडेल.

कोल्हापुरात सुरू झालेला पत्रव्यवहार

या अर्जाची हकीकत कोल्हापुरातच सुरू होते. आनंदीबाईंचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. १८७८ साली ते कोल्हापुरात असताना त्यांनी पत्नीच्या अमेरिकेतील शिक्षणासंबंधी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरात बरीच वर्षे काम केले होते. ते पत्र अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापले गेले. न्यू जर्सीतील थिओडोशिया कार्पेंटर या बाईंनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना ते वाचले आणि आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. पुढे एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यांनी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्जाचे पत्र पाठवले.

त्या पत्रात काय होते? त्यांनी आपले वय सांगितले : अठरा वर्षे. आपल्याला कोणत्या भाषा येतात व आपले शिक्षण किती झाले आहे, हे सांगितले. त्यानंतर त्यांनी सरळ कबूल केले की महाविद्यालयाच्या सर्व अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही. प्रकृती चांगली आहे, असे लिहिले. आप्तेष्टांचा आणि जातीचा विरोध असतानाही ज्या निर्धाराने आपण इतक्या दूर आलो, तोच निर्धार पुढेही उपयोगी पडेल, असे म्हटले. आणि शेवटी कारण दिले : आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळावी म्हणून हे शिक्षण हवे आहे. चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल दहा दिवसांत दगावल्याचे दुःख या कारणामागे होते.

या पत्राची रचना नीट पाहा. आधी वस्तुस्थिती आली. मग उणीव आली, तीही कोणी विचारण्याआधी. मग प्रत्यक्ष केलेली गोष्ट आली. ‘मी फार धाडसी आहे’ असे वाक्य लिहिण्याची आनंदीबाईंना गरजच पडली नाही. विरोध पत्करून समुद्र ओलांडून आलो, एवढे सांगितल्यावर धाडस वाचणाऱ्याला आपोआप कळते. आणि मग आपण केलेल्या गोष्टीचा पुढच्या कामाशी संबंध जोडला. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला व मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई पदवीधर झाल्या.

वस्तुस्थिती, उणीव, कृती आणि संबंध हे चार शब्द लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्यांचा उपयोग होणार आहे.

हा प्रश्न आज कोठे विचारतात?

तुम्ही म्हणाल, “आम्हाला तर ‘नीट’ द्यायची आहे. तिथे अभ्यासाबाहेर काय केले हे कोण विचारतो?” शंका रास्त आहे. आपल्या देशात एम.बी.बी.एस.चा प्रवेश ‘नीट’ या परीक्षेतील गुणांवर ठरतो. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडे जो अर्ज भरावा लागतो, त्यात तुम्ही वक्तृत्व स्पर्धेत पहिले आलात की रक्तदान शिबिरात काम केले, याला गुण नाहीत. त्यामुळे ‘प्रमाणपत्रे जमवा म्हणजे मेडिकलला उपयोग होईल’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

तरीही हा प्रश्न तुमच्यापुढे येऊ शकतो. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ‘नीट’च्या गुणांवरून निवडलेल्या उमेदवारांना पुढील चाचण्यांसाठी बोलावतात व त्यांची मुलाखतही होते. मुलाखतीत ‘फावल्या वेळात काय करता?’ हा प्रश्न आला, तर उत्तर तयार असलेले बरे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेची स्थापना १९६९ साली झाली. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत पूर्वी गांधीविचारांची एक प्रश्नपत्रिका असे. ‘नीट’ आल्यावर ती परीक्षा राहिली नाही. पण गुणांपलीकडचा विद्यार्थी जाणून घेण्याची धडपड तिच्यामागे होती.

परदेशांत मात्र हा प्रश्न अर्जातच असतो. ब्रिटनमधील विद्यापीठांसाठी ‘यूकास’ नावाची सामाईक अर्जव्यवस्था आहे. तेथे पूर्वी विद्यार्थ्याला स्वतःविषयी एकच सलग निवेदन लिहावे लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन प्रश्न आले आहेत. हा विषय का शिकायचा आहे, हा पहिला. शालेय अभ्यासाने त्यासाठी तुमची तयारी कशी झाली, हा दुसरा. आणि शिक्षणाबाहेर तुम्ही आणखी काय केले व त्याचा उपयोग काय, हा तिसरा. तिन्ही मिळून मोकळ्या जागांसह ४,००० अक्षरांची मर्यादा आहे. अमेरिकेत डॉक्टरकीचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. तेथील सामाईक अर्जात, २०२५ मधील नियमांनुसार, जास्तीत जास्त १५ कामे लिहिता येतात. प्रत्येक कामापुढे तारखा, एकूण तास आणि त्या कामाची माहिती देऊ शकेल अशा व्यक्तीचे नाव लिहायचे असते आणि वर्णनाला जागा मिळते ती केवळ ७०० अक्षरांची.

तास आणि माहितगाराचे नाव का विचारत असतील? कारण विशेषणे तपासता येत नाहीत, तास तपासता येतात.

ओळखीची वही कामास येते

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. असे वर्णन लिहिण्यासाठी वेगळी कला शिकावी लागत नाही. जिच्यात ते लिहिता येईल ती वही तुमच्या दप्तरात आहेच. ती म्हणजे विज्ञानाची प्रयोगवही! उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान आणि दक्षता, हे मथळे तुम्ही कितीदा तरी लिहिले आहेत. अभ्यासेतर कामाचे चांगले वर्णन म्हणजे या मथळ्यांची उत्तरे सलग लिहिणे, इतकेच.

एक उदाहरण घेऊ. असे समजा की कोल्हापुरातील चार विद्यार्थ्यांनी पावसाळ्यात आपल्या गल्लीतील घरांचे पाणीसाठे तपासण्याचे काम केले. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती हा डास घरातील व घराभोवतीच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. रांजण, बॅरल, कुंडीखालची थाळी, गच्चीवर टाकलेला टायर, ही त्याची आवडती ठिकाणे. अनुकूल हवेत अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी केली, तर हे चक्र मध्येच तुटते. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे आरोग्य खाते सांगते, त्याचे कारण हेच.

त्या चौघांपैकी एकाने आपल्या कामाचे वर्णन असे लिहिले :

*“मी डेंग्यूमुक्ती अभियानात मोलाचे योगदान दिले. परिसरात व्यापक जनजागृती केल्यामुळे डासांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. या उपक्रमातून माझ्यात नेतृत्वगुण, संघभावना व सेवावृत्ती विकसित झाली.”*

वाचायला कसे भारदस्त वाटते! पण यातून आपल्याला काय कळले? किती घरे? किती दिवस? या मुलाने स्वतः काय केले? डास कमी झाले, हे कोणी व कसे मोजले? एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. हेच वर्णन ‘डेंग्यूमुक्ती’ऐवजी ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द घालून दुसऱ्या कोणत्याही अभियानाला चालेल. जे वर्णन कोठेही चालते, ते कशाचेच वर्णन नसते.

आता दुसऱ्या विद्यार्थिनीने त्याच कामाविषयी काय लिहिले ते पाहा :

*“ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात १४ रविवारी, दर वेळी दीड तास, आम्ही चौघांनी शाळेजवळच्या गल्लीतील घरांचे पाणीसाठे तपासले. अळी कशी ओळखावी हे आरोग्यसेविकेने शिकवले. नोंदवही ठेवणे व आकडेमोड करणे हे माझे काम होते. पहिल्या फेरीत ४० पैकी ८ घरांत अळ्या सापडल्या. शेवटच्या फेरीत ५ घरे बंद होती. उरलेल्या ३५ पैकी ३ घरांत सापडल्या. तोवर पाऊसही थांबला होता, म्हणून ही घट आमच्यामुळेच झाली असे म्हणता येत नाही. एका आजींनी रांजण ओतण्यास नकार दिला, कारण त्यांच्या नळाला चार दिवसांनी पाणी येते. तेव्हापासून आम्ही ‘पाणी ओता’ म्हणण्याऐवजी ‘तोंडाला कापड बांधा’ असे सांगू लागलो.”*

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. पण फरक तुमच्या लक्षात आला असेल. आता प्रयोगवहीच्या मथळ्यांनी हे वर्णन तपासू.

उद्देश आणि साहित्य

उद्देश एका वाक्यात सांगता आला पाहिजे. ‘समाजसेवा करणे’ हा उद्देश फार मोठा झाला. ‘गल्लीतील कोणत्या घरांत अळ्या आहेत ते शोधणे’ हा उद्देश लहान असला तरी पुरा करता येतो. साहित्यात माणसेही येतात. आरोग्यसेविकेने शिकवले, हे लिहिल्याने त्या मुलीचे श्रेय कमी झाले नाही. उलट, शिकवणारा कोण हे सांगितल्याने काम खरे वाटू लागले.

कृती

येथे ‘आम्ही’ आणि ‘मी’ हे दोन शब्द वेगळे ठेवा. घरे चौघांनी तपासली, नोंदवही एकीने ठेवली. गटाच्या कामाचे श्रेय एकट्याने घेतले, तर मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला अडचण होते. वेळही मोजून लिहा. १४ रविवार आणि दर वेळी दीड तास, म्हणजे १४ × १.५ = २१ तास. एकवीस तास म्हणजे थोडे काम आहे, अशी लाज वाटून त्याचे शंभर करू नका. चौदा रविवार न चुकता जाणे हे एका दिवसाच्या मोठ्या मिरवणुकीपेक्षा पुष्कळ काही सांगून जाते.

निरीक्षण

मोजलेले आकडे हा या वर्णनाचा कणा आहे. डासांच्या सर्वेक्षणात तीन निर्देशांक जगभर वापरतात व ते तुम्हालाही काढता येतील :

घर निर्देशांक = (अळ्या सापडलेली घरे ÷ तपासलेली घरे) × १००

भांडे निर्देशांक = (अळ्या सापडलेली भांडी ÷ तपासलेली पाणी असलेली भांडी) × १००

ब्रेटो निर्देशांक = (अळ्या सापडलेली भांडी ÷ तपासलेली घरे) × १००

आपल्या उदाहरणात पहिल्या फेरीचा घर निर्देशांक ८ ÷ ४० × १०० = २० येतो. त्या फेरीत समजा १६० भांडी तपासली व १२ भांड्यांत अळ्या होत्या, तर भांडे निर्देशांक ७.५ आणि ब्रेटो निर्देशांक ३० येईल. शेवटच्या फेरीचा घर निर्देशांक ३ ÷ ३५ × १०० = सुमारे ८.६. अळ्या पाहताना आणखीही निरीक्षणे करता येतात. मलेरियाचा प्रसार करणाऱ्या ॲनोफिलिस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर राहते, तर एडिस व क्युलेक्स यांच्या अळ्या डोके खाली करून तिरप्या लोंबकळतात. असा तपशील ज्याने पाहिला आहे, त्यालाच तो सहज सांगता येतो.

अनुमान

येथे बहुतेकांचा पाय घसरतो. २० वरून ८.६ वर आकडा आला, म्हणजे आम्ही अळ्या निम्म्याहून कमी केल्या, असे लिहिण्याचा मोह होतो. पण थांबा. पाच घरे बंद होती. समजा, त्या पाचही घरांत अळ्या असत्या, तर एकूण ३ + ५ = ८ घरे झाली असती. ४० पैकी ८ म्हणजे पुन्हा २० टक्केच! एका बंद दरवाजामागे काय आहे हे आपल्याला माहीत नसते. म्हणून ‘५ घरे बंद होती’ हे लहानसे वाक्य गाळले, तर बाकीचे सर्व आकडे खरे असूनही वर्णन खोटे ठरते.

शिवाय नोव्हेंबरात पाऊस ओसरतो, त्यामुळे उघड्यावरची भांडी आपोआप कोरडी होतात. एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणजे ती पहिलीमुळेच घडली असे नव्हे, हे विज्ञानाने शिकवलेले सूत्र अर्ज लिहितानाही लागू आहे. आनंदीबाईंनी आपली उणीव आपणच सांगितली होती, ते आठवा. या मुलीने तेच केले आहे.

आणि रांजणाच्या आजी? त्या या वर्णनातील सर्वांत मोलाचा भाग आहेत. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात ‘साठवलेले पाणी ओतून टाका’ हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर असूनही निरुपयोगी आहे. रुग्णाची परिस्थिती न ऐकता दिलेला सल्ला वाया जातो, ही गोष्ट या मुलीला पुस्तकातून नव्हे, आजींच्या अंगणात कळली. तिने ‘माझ्यात सेवावृत्ती विकसित झाली’ असे लिहिले नाही. आपण काय बदलले, तेवढेच लिहिले. वाचणाऱ्याला एवढे पुरते.

दक्षता

प्रयोगवहीत दक्षता शेवटी येते, पण येथे ती पहिली समजा. आजारी माणसांशी संबंध असलेले काम केले असेल तर कोणत्याही रुग्णाचे नाव, घर, गाव किंवा ओळख पटेल असा तपशील लिहू नका. घरातल्या माणसाविषयी लिहायचे असले, तरी त्याला आधी विचारा. तसेच, ज्या कामाचे शिक्षण आपण घेतलेले नाही ते करू नका आणि केल्याचे सांगूही नका. ओळखीच्या दवाखान्यात बसून ‘मी इंजेक्शने दिली’ असे शाळकरी मुलाने लिहिले, तर जाणत्या परीक्षकाला त्यात कौतुकाचे काही वाटत नाही. ज्यांना ती इंजेक्शने दिली, त्यांची त्याला काळजी वाटते. ‘मी कोपऱ्यात बसून पाहिले’ हे वाक्य अधिक चांगले. मात्र काय पाहिले ते सांगता आले पाहिजे.

ज्यांच्याजवळ प्रमाणपत्र नाही त्यांच्यासाठी

आता एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल की, ‘मी शिबिरांना गेलो नाही, स्पर्धांना गेलो नाही. माझ्याजवळ लिहिण्यासारखे काहीच नाही.’ करवीर, शिरोळ किंवा राधानगरी तालुक्यातील एखादा विद्यार्थी पहाटे उठून म्हशींच्या धारा काढतो, दूध संस्थेत दूध घालतो आणि मग शाळेला येतो. त्याने ‘उपक्रम’ केला नाही असे कसे म्हणावे? संस्थेत दुधाचे फॅट कसे काढतात, ते ऋतूप्रमाणे कसे बदलते, म्हैस आजारी पडल्यावर दूध किती घटले, याची वही त्याने चार महिने ठेवली, तर ते उत्तम निरीक्षण आहे. एखादी मुलगी घरी आजीला मधुमेहाच्या गोळ्या वेळेवर देते. आजी दुपारची गोळी का विसरते, हे तिने शोधून काढले व जेवणाच्या ताटाजवळ तक्ता लावला. हेही काम आहे. एखादा मुलगा तालमीत रोज घाम गाळतो आणि खांदा दुखावल्यावर दोन महिने त्याला आखाड्याबाहेर बसावे लागते. त्या दोन महिन्यांविषयी त्याला लिहिता येईल.

ब्रिटन व अमेरिका येथील अर्जांतही नोकरी, घरातील व्यक्तीची शुश्रूषा, छंद या गोष्टी लिहिण्यास मुभा असते. काम कोणी सत्कार करून नावाजले की नाही, हा प्रश्न नाही. ते तुम्ही खरेच केले का आणि करताना काही पाहिले का, हा प्रश्न आहे. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातील कितीतरी मुलांनी घरातला चिखल उपसला. त्याचे प्रमाणपत्र कोणी दिले नाही. पण पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी उकळूनच का प्यायचे, हे त्यांच्यापैकी अनेकांना तेव्हा कळले.

केसपेपर आणि अर्ज

हे सारे एवढ्या काटेकोरपणे का करायचे, असे तुम्ही विचाराल. डॉक्टर रुग्णाला तपासतो तेव्हा तो तीन प्रकारच्या गोष्टी लिहितो. रुग्ण सांगतो की, ‘तीन दिवस ताप आहे’. हे ऐकलेले झाले. तापमापक १०१ अंश फॅरनहाइट दाखवतो. हे पाहिलेले झाले. ‘मलेरिया असावा, रक्त तपासावे’ हे अनुमान झाले. या तिन्हींची सरमिसळ झाली, तर रात्रपाळीला आलेला दुसरा डॉक्टर अनुमानालाच वस्तुस्थिती समजेल आणि चुकीचे औषध देईल. न तपासलेला रक्तदाब ‘सर्वसाधारण’ म्हणून लिहिणे हा तर रुग्णाच्या जिवाशी खेळ आहे.

ही सवय महाविद्यालयात गेल्यावर एकाएकी लागत नाही. सोळाव्या वर्षी अर्जात एकवीस तासांचे शंभर तास करणारा हात छत्तिसाव्या वर्षी केसपेपरवर काय लिहील, हे कोणी सांगावे? म्हणून अर्जातील हा रकाना लहान दिसला, तरी तो तुमच्या नोंद ठेवण्याच्या सवयीची परीक्षा आहे. आणि ‘नीट’च्या अर्जात हा रकाना नसला, तरी ती सवय लावून घ्यायला कोणाची हरकत आहे?

शिक्षकांसाठी दोन शब्द

शाळेतून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर ‘उत्साहाने सहभाग घेतला’, ‘उल्लेखनीय कामगिरी केली’ अशी वाक्ये छापलेली असतात आणि नाव तेवढे हाताने लिहिलेले असते. शंभर मुलांची कामगिरी एकाच शब्दात उल्लेखनीय ठरते. त्याऐवजी प्रमाणपत्रावर तीन रिकाम्या ओळी ठेवता येतील : काम कोणते, किती दिवस व किती तास, आणि या विद्यार्थ्याकडे कोणता वाटा होता. त्या ओळी विद्यार्थ्याने स्वतः भराव्यात व शिक्षकांनी खातरजमा करून सही करावी. वेळ थोडा अधिक लागेल. पण मुलांना खरे वर्णन लिहिण्याचा सराव होईल.

करून पाहा

१. एका वहीची चार पाने आखा. पुढील चार रविवारी केलेल्या कोणत्याही एका कामाची नोंद उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान व दक्षता या मथळ्यांखाली करा. काम झाले त्याच दिवशी लिहा. आठवड्यानंतर आठवून लिहिलेले तास नेहमी वाढतात!

२. ती चार पाने वाचून ७०० अक्षरांत बसेल असे वर्णन मराठीत लिहा. अर्ज इंग्रजीत भरायचा असला, तरी आधी मातृभाषेत लिहावे. म्हणजे पोकळ शब्द लगेच कानाला खटकतात.

३. लिहिलेल्या वर्णनातील सर्व विशेषणे खोडा. जे उरेल त्यातून काम समजते का, ते एखाद्या मित्राला विचारा.

४. एका वस्तीत ५० घरे तपासली. ६ घरांत अळ्या सापडल्या. पाणी असलेली एकूण भांडी २०० होती व त्यांपैकी ९ भांड्यांत अळ्या होत्या. तिन्ही निर्देशांक काढा.

(उत्तर : घर निर्देशांक १२, भांडे निर्देशांक ४.५, ब्रेटो निर्देशांक १८.)